वेशीबाहेरचे घर : सोलापूरभोवतीच्या गावांत राहायला जाताना

जुन्या सोलापूरकराच्या मनातली वेस आणि महापालिकेच्या नकाशातली हद्द यांत बरेच अंतर आहे. १९९२ मध्ये हद्दवाढ झाली आणि तोवर सुमारे ३३ चौरस किलोमीटरचे असलेले शहर जवळपास १७९ चौरस किलोमीटरचे झाले. बाळे, केगाव, देगाव, शेळगी, दहिटणे, सोरेगाव, मजरेवाडी, कुमठे ही गावे कागदोपत्री शहरात आली. तीस वर्षे उलटून गेली तरी या परिसराला बोलीभाषेत ‘हद्दवाढ भाग’ असेच म्हटले जाते. गटारांविना वाढलेल्या वसाहती आणि पावसाळ्यात चिखलाने अडणारे रस्ते यांची आठवण त्या नावाला चिकटलेली आहे. आता घरांची मागणी हद्दीपलीकडे कोंडी, हिरज, तिऱ्हे, कुंभारी, होटगी या दिशांना सरकली आहे. तेथे घर शोधणाऱ्याने आधी हद्दवाढ भागातून एक चक्कर मारावी. शेताचे तुकडे पाडून विकताना मागे काय राहून जाते, ते तेथे उघड्या डोळ्यांनी पाहता येते.

गावात घर घेणे म्हणजे एकाच प्रकारचा व्यवहार नव्हे. गावठाणातले जुने घर, रीतसर मंजूर रेखांकनातला बिगरशेती भूखंड आणि शेतातून पाडलेला गुंठेवारीचा तुकडा या तीन निरनिराळ्या मालमत्ता आहेत. जाहिरातीत तिन्हींना ‘शहरालगत, निसर्गाच्या सान्निध्यात’ असेच म्हटलेले असते. किमतीतला फरक मात्र बहुधा कागदपत्रांतल्या फरकामुळे असतो.

उतारे कोणते, कशाचे?

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. विक्रेता ग्रामपंचायतीचा ‘नमुना ८’ दाखवतो. ही कर आकारणीची नोंदवही आहे. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची, एवढेच ती सांगते. मालकी ठरवण्यास ती पुरेशी नाही. नामसाधर्म्यामुळे अनेकांचा गोंधळ होतो, कारण ‘८-अ’ हा महसूल खात्याचा वेगळाच उतारा आहे. एका खातेदाराच्या नावावर गावात एकूण किती शेतजमीन आहे, हे त्यावरून कळते. गावठाणांची ड्रोनद्वारे मोजणी करून मिळकतपत्रिका देण्याची केंद्राची ‘स्वामित्व’ योजना २०२० मध्ये सुरू झाली. ज्या गावाची मोजणी पूर्ण झाली आहे तेथे मिळकतपत्रिका मागावी. नमुना ८ वर समाधान मानू नये.

गावठाणाबाहेरच्या जमिनीचा सातबारा वाचताना मालकाच्या नावापाशी थांबून चालत नाही. भोगवटादार वर्ग २ असा शेरा असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीखेरीज जमीन विकता येत नाही. देवस्थान इनाम, वतन आणि कुळकायद्याने मिळालेल्या जमिनींबाबतही अशी बंधने असू शकतात. सोलापूर जिल्ह्यात आणखी एक शेरा नेहमी आढळतो. उजनी धरणाच्या विस्थापितांसाठी जमिनी राखून ठेवल्यामुळे ‘इतर हक्क’ या रकान्यात पुनर्वसनाची नोंद असते. ती रद्द झाली आहे की नाही, हे फेरफारावरून पाहावे लागते. नान्नज, मार्डीच्या बाजूस माळढोक अभयारण्याचा प्रश्न आहे. १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतले सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटर क्षेत्र अभयारण्य म्हणून घोषित झाले होते. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणण्यात आले. आपला गट त्या क्षेत्रात आत की बाहेर, हे दलालाच्या तोंडी सांगण्यावर सोडू नये.

गुंठेवारीचा मोह

खरा धोका तिसऱ्या प्रकारात आहे. शेतकरी किंवा मधला दलाल एक-दोन एकरांचे चुनखडीने आखलेले तुकडे पाडतो आणि रस्ता सोडल्याचे सांगतो. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळे एक-दोन गुंठ्यांचे खरेदीखत होत नसे. मग नोटरीसमोर करारनामा केला जाई, किंवा दहाजणांनी मिळून एकत्र क्षेत्र घेतल्याचे दाखवून सर्वांची नावे एकाच सातबाऱ्यावर चढवली जात. नोटरीने केलेला करार म्हणजे नोंदणीकृत खरेदीखत नव्हे. स्थावर मालमत्तेची मालकी त्याने हस्तांतरित होत नाही. सामाईक सातबाऱ्यावर आपला तुकडा नेमका कोणता, हे कोठेच लिहिलेले नसते. दहातल्या एकाने वाद काढला की उरलेले नऊजण अडकतात. अशा मालमत्तेवर बहुतेक बँका कर्ज देत नाहीत. म्हणजे आयुष्यभराची रोख शिल्लक तेथे गेलेली असते, आणि ती बहुधा यंत्रमाग कामगाराची, शिक्षकाची किंवा छोट्या दुकानदाराची असते.

शासनाने ही गाठ वेळोवेळी सैल केली आहे. २००१ मध्ये गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा आला आणि २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या गुंठेवारीला लागू झाली. २०२३ मध्ये जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र जिरायतासाठी २० आणि बागायतासाठी १० गुंठे ठरले. २०२५ मध्ये तुकडेबंदीविरुद्ध झालेले जुने व्यवहार शुल्काविना नियमित करण्याचा निर्णय झाला. ही सवलत १५ ऑक्टोबर २०२४ पर्यंतच्या व्यवहारांना आहे; आज नव्याने पाडलेल्या तुकड्याला तिचा आधार सांगणारा विक्रेता दिशाभूल करीत आहे. शिवाय व्यवहार नियमित झाल्याने बांधकामाची परवानगी, रस्ता किंवा गटार आपोआप मिळत नाही. रेखांकन मंजूर आहे का, ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा प्रकल्प असल्यास ‘महारेरा’कडे नोंद आहे का, हे विचारायलाच हवे. बिगरशेतकऱ्याला थेट शेतजमीन घेता येत नाही, हेही ‘शेतघरा’च्या जाहिराती सहसा सांगत नाहीत.

गावाच्या हद्दीत वस्ती नियोजनाने उभी राहू शकते, याचे उदाहरण अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीत आहे. विडी कामगार स्त्रियांसाठी तेथे उभारलेल्या गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार घरांचे हस्तांतर २००६ मध्ये तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत झाले. माजी आमदार नरसय्या आडम यांचा त्यामागे दीर्घ पाठपुरावा होता. त्यानंतरच्या ३० हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पहिली १५ हजार घरे १९ जानेवारी २०२४ रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सुपूर्द झाली. घरे लहान आहेत, शहरातल्या कामापासून दूर आहेत. तरीही कमी उत्पन्नाच्या कुटुंबाला गावच्या हद्दीत मालकीहक्काचा स्वच्छ कागद मिळू शकतो, हे या वसाहतींनी दाखवले.

माती, माळवद आणि पाणी

कागद निर्दोष असला तरी काळी माती कोणाचे ऐकत नाही. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वर उथळ पायाचे घर असेल तर भिंतींना तडे जातात. पाया मुरुमापर्यंत किंवा खडकापर्यंत न्यावा लागतो आणि त्याचा खर्च भूखंडाच्या स्वस्ताईतून वजा करावा लागतो. खरेदीपूर्वी एक खड्डा खणून मुरूम किती खोलीवर लागतो ते पाहिले, तर पुढचा मनस्ताप वाचतो.

जुन्या घरांची ओढ अनेकांना असते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद असलेले घर चाळीस अंशांच्या उन्हाळ्यातही गारवा देते, हे खरेच. पण ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत अशाच घरांनी हजारोंचा बळी घेतला. मातीत रचलेले दगड निखळले आणि माळवदाचा भार झोपलेल्या माणसांवर कोसळला. भूकंपाचे ते क्षेत्र सोलापूर जिल्ह्याला लागून आहे. असे घर घ्यायचेच असेल तर माळवदाचे ओझे उतरवणे आणि भिंती बांधून घेणे, या कामांचा अंदाज अभियंत्याकडून आधी घ्यावा.

पाण्याबाबत सोलापूरकर सोशिक आहे. दोन-तीन, कधी चार-पाच दिवसांआड येणाऱ्या नळावर या शहराने वर्षानुवर्षे दिवस काढले. त्यामुळे ‘गावात याहून वाईट काय असणार?’ असा सवाल केला जातो. जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि खाली कठीण काळा पाषाण आहे. शेजारच्या बोअरला पाणी आहे म्हणून आपल्याला लागेलच असे नाही. लागले तरी ते मे महिन्यात टिकते का आणि क्षार किती, हे पाहावे लागते. दुसरे टोक सीनाकाठच्या गावांनी सप्टेंबर २०२५ मध्ये अनुभवले. तेव्हा नदीला इतका पूर आला की लांबोटीजवळ सोलापूर–पुणे महामार्ग बंद ठेवावा लागला. नदीकाठी भूखंड पाहताना पूररेषेची चौकशी करावी आणि पाणी कोठवर आले होते, हे गावातल्या दोन-तीन वेगवेगळ्या लोकांना विचारावे.

राहणीतले बदलही लहान नाहीत. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या बाजूस गावगाडा बराचसा कन्नडमधून चालतो. नव्या रहिवाशाला चार वाक्ये आली तरी ओळख लवकर जमते. शहर बससेवा रोडावली असल्याने शाळा, दवाखाना, नोकरी सारे दुचाकीवर येते. ऊसतोडीच्या हंगामात अंधाऱ्या रस्त्यावर लाल दिव्याविना चाललेल्या ट्रॉल्या हा रोजचा धोका ठरतो, आणि रात्रपाळी करणाऱ्यांनी तो हिशेबात धरावा.

खरेदीखतानंतर सातबाऱ्यावर फेरफार नोंदवून घ्यावा लागतो. त्यावर हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला नाव लावण्याचा आणि वीजजोडणी बदलण्याचा अर्ज वेगळा करावा लागतो. महिलेच्या नावे घर घेतल्यास मुद्रांक शुल्कात २०२१ पासून एक टक्का सवलत आहे. नुसत्या भूखंडाला ती लागू नाही.