खोडदच्या माळावरील जाळीचे आरसे

मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें, तेव्हां ज्या मोजक्या घरांत रेडिओ आला त्या घरांत त्याच्या पाठोपाठ एक प्रश्नहि आला : एरियल केवढी हवी ? ज्यांना गच्चीवर लांब तार ताणण्यास जागा नसे, त्यांच्यासाठीं लाकडी चौकटीवर तारेचे वेढे घेऊन केलेली एरियल असे. ती दिसावयास आटोपशीर होती, हवी तिकडे फिरवितां येई; पण दूरचें केंद्र ऐकावयाचें म्हटलें कीं तिचें दुबळेपण उघडें पडे.

हा दोष कारागिरीचा नव्हता, मापाचा होता. एक मीटर लांब व एक मीटर रुंद अशा चौकटीवर दहा वेढे घेतले आणि तिजवर ३०० मीटर लांबीची लहर आली, तर ती सबंध चौकट सुमारें २१ सेंटिमीटर उंचीच्या सरळ तारेइतकेंच काम करते. लहर दुप्पट लांब झाली कीं हें काम निम्म्यावर येतें. संदेश पाठवितांना तर स्थिति याहून बिकट. लहर दुप्पट लांब केली, तर तेवढ्याच विद्युत्प्रवाहांत चौकटींतून बाहेर पडणारी शक्ति सोळाव्या हिश्शावर येते. बाकीची बव्हंशीं तारेंतच उष्णता होऊन वायां जाते. लांब लहरींच्या नादीं लागलेल्या प्रत्येक हौशी बिनतारीवाल्याला हा हिशेब केव्हांतरी भोगावाच लागतो. लहर जितकी लांब, तितकें तिला धरणारें साधन मोठें हवें. आणि मोठें साधन म्हणजे मोठा खर्च.

हाच हिशेब पुढें जुन्नर तालुक्यांतील खोडदच्या माळावर निराळ्या रीतीनें सोडविला गेला.

१९३३ मध्यें कार्ल जान्स्की या अमेरिकन संशोधकानें आकाशगंगेकडून येणाऱ्या १४.६ मीटर लांबीच्या लहरी आपण ऐकल्याचें जाहीर केलें, आणि आकाश ऐकण्याचें नवें शास्त्र जन्मास आलें. हिंदुस्थानांत त्याचा पाया घातला तो गोविंद स्वरूप यांनीं. होमी भाभा यांच्या बोलावण्यावरून ते १९६३ मध्यें टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले. ऑस्ट्रेलियाकडून भेट मिळालेल्या ३२ लहान तबकड्या त्यांनीं १९६५ मध्यें कल्याणजवळ उभ्या करून सूर्याचा अभ्यास आरंभिला. १९७० मध्यें उटकमंडच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांब व ३० मीटर रुंद अशी दुर्बीण तयार झाली. उताराचा कोन त्या जागेच्या अक्षांशाइतकाच निवडल्यामुळें एकाच आंसाभोंवतीं फिरवून ताऱ्याचा तासन्‌तास पाठलाग करतां येऊं लागला. पैसा थोडा असला कीं जागा आणि युक्ति यांनीं ती उणीव भरून काढावयाची, ही त्यांची रीत होती.

१९८४ मध्यें त्यांनीं याहून मोठी कल्पना मांडली. हायड्रोजन वायूची २१ सेंटिमीटरची लहर फार दूरच्या काळांतून येतांना विश्वाच्या प्रसरणामुळें ताणली जाऊन मीटर-दोन मीटर लांबीची होते. ती धरावयास प्रचंड तबकड्या हव्या होत्या. त्याच तालुक्यांत आर्वी येथें १९७१ पासून उपग्रह-दळणवळणाची एक मोठी तबकडी होती. पण तिच्या लहरी कांहीं सेंटिमीटरांच्याच असल्यामुळें पृष्ठभाग अखंड व गुळगुळीत हवा. तशा पत्र्याच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या उभारणें खर्चाबाहेरचें होतें, आणि वाऱ्यापुढें त्या शिडासारख्या झाल्या असत्या.

येथें लांब लहरच उपयोगीं पडली. तिला लहान छिद्र जाणवत नाहीं. वाऱ्याला मात्र त्यांतून वाट मिळते. म्हणून पोलादी नळ्यांच्या १६ कमानींमध्यें तारदोर ताणून त्यांवर अर्ध्या मिलिमीटरहून किंचित् जाड अशा तारेची जाळी बसविली. तिची घरें मध्यभागीं १० व कडेला २० मिलिमीटरांचीं आहेत. ताशीं १३३ किलोमीटर वेगाच्या वाऱ्यांतहि तबकडी टिकावी, असा आराखडा होता. तीस तबकड्यांचें एकूण क्षेत्रफळ सुमारें ४७,७०० चौरस मीटर भरतें. लांब लहरींसाठीं त्यांतील ३०,००० चौरस मीटर कामीं येतात, आंखूड लहरींसाठीं १८,०००च. स्वस्ताई कोठें परवडते व कोठें नाहीं, हें या दोन आंकड्यांत दिसतें.

तरीहि दोन मीटरच्या लहरीला ४५ मीटरची एकटी तबकडी अपुरीच. तिला आकाशाचा सुमारें तीन अंशांचा, म्हणजे सहा चंद्र ओळीनें मावतील एवढा, तुकडा एकजिनसी दिसतो. यास्तव १४ तबकड्या मध्यभागीं व उरलेल्या १६ तीन फांद्यांवर, सुमारें २५ किलोमीटरच्या पसाऱ्यांत मांडल्या. एक फांदी दक्षिणेस आंबेगावच्या अंगास वळते. सर्वांचे संकेत खोडद येथें एकत्र केले कीं त्या पसाऱ्याएवढ्या एकाच दुर्बिणीची सूक्ष्म दृष्टि लाभते. १९ ऑक्टोबर २०१६ रोजीं मंगळावर उतरूं पाहणाऱ्या शियापारेली यानाचा क्षीण आवाज येथेंच ऐकला गेला. आणि २१ची ४८ सेंटिमीटर होऊन आलेली, सुमारें ८८० कोटी वर्षांपूर्वींची हायड्रोजनची लहर येथें टिपल्याचें २०२३च्या आरंभीं प्रसिद्ध झालें.

मात्र या यशाचा एक भाग यंत्राबाहेरचा आहे. शेजारच्या मोटारीनें आपला रेडिओ कसा खरखरे, हें जुन्या घरांतील मंडळींना ठाऊक आहे. डोंगरांच्या आडोशामुळें व शांततेमुळें निवडलेल्या या प्रदेशांत ती खरखर कित्येक पटींनीं घातक ठरते. म्हणून कारखाने व प्रक्षेपण यांवर येथें बंधनें आलीं. अलीकडे पुणें-नाशिक वेगवान रेल्वेच्या नारायणगावावरून आंखलेल्या मार्गालाहि याच कारणानें हरकत आली व दुसरा मार्ग शोधावा लागला. जाळीनें पोलाद वांचविलें, पैसा वांचविला. शांततेची किंमत मात्र जुन्नर-आंबेगावचे शेतकरी व तरुण देत आहेत. तारांच्या त्या आरशांत विश्वाचा आवाज येतो, तो त्यांच्या स्वस्थतेंतून गाळून येतो. त्या दुर्बिणीचा इतिहास लिहिणाऱ्यानें तीस तबकड्यांबरोबर हे शेजारीहि मोजले पाहिजेत.