लंडनचा उपरा, आपला राघू

हुरड्याच्या दिवसांत हिवरे बाजारच्या शिवारावरून राघूंचा थवा किंचाळत गेला तर कोणी कौतुकाने मान वर करत नाही. हात आधी गोफणीकडे जातो. अर्धं कणीस खायचं आणि अर्धं खाली टाकायचं, ही त्याची खोड सगळ्यांना पाठ आहे.

हाच आपला लाल चोचीचा, गळ्यात कंठी असलेला पोपट लंडनमध्ये मात्र 'परदेशी' म्हणून वादाचा विषय झालाय. १९६९ च्या सुमारास तिथे त्याची वस्ती जमली आणि आज तिथल्या बागांमध्ये हजारोंनी पोपट आहेत. लोक अंगणात पक्ष्यांसाठी दाणे टांगतात, त्यावर हे आधी तुटून पडतात. ते आले कुठून? जिमी हेंड्रिक्स नावाच्या गिटारवाल्याने जोडी सोडली म्हणे! २०१९ मध्ये संशोधकांनी जुन्या नोंदी नकाशावर मांडून पाहिल्या, त्या दंतकथेला काही आधार सापडला नाही. खरी गोष्ट साधी आहे. पिंजऱ्यातले सुटले, काही कंटाळून सोडले. ब्रुसेल्समध्ये तर १९७४ साली एका करमणूक बागेच्या मालकाने शहर रंगीत दिसावं म्हणून चाळीसेक पोपट मुद्दाम सोडले. युरोपातल्या या पोपटांचा डीएनए तपासला तेव्हा बहुतेकांचं मूळ पाकिस्तान आणि उत्तर भारतात निघालं. म्हणजे नगरचे नव्हेत, पण भाऊबंदच.

त्यांच्यामुळे तिथे नुकसानही होतं, हे मान्य करायला पाहिजे. पोपट स्वतः झाड कोरून घर करत नाही, आयती ढोली धरतो. बेल्जियममध्ये ढोलीत राहणाऱ्या एका छोट्या पक्ष्याची त्याने जागा घेतल्याचं अभ्यासात दिसलंय. स्पेनच्या सेव्हिल शहरात तो मोठ्या वटवाघळांना मारून ढोलीतून हुसकावतो. पण समुद्र ओलांडून तो काही स्वतःच्या पंखांवर गेला नव्हता. माणसाने पकडला, विकला, जहाजात नाहीतर विमानात घातला.

आपल्याकडेही भांडण ढोलीचंच आहे, फक्त उलट्या बाजूने. तांबट-सुतारांनी कोरलेली भोकं, जुन्या खोडाच्या पोकळ्या, याच त्याच्या खोल्या. जुनं झाड तोडलं की खोली गेली, आणि नवं रोप लावून ती लगेच मिळत नाही, त्याला दशकं लागतात. म्हणून १९८९ ला पोपटराव पवार सरपंच झाल्यावर (नावाचा योगायोग, हसू नका!) गावाने पाळलेली कुऱ्हाडबंदी मला मोलाची वाटते. ती पाण्यासाठी आणि मातीसाठी होती, पोपटांसाठी नव्हे. पण उभं राहिलेलं झाड सगळ्यांच्याच कामाला येतं.

दुसरा धोका पिंजऱ्याचा. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात १९९१ ला दुरुस्ती झाली तेव्हापासून रानातला पोपट पकडणं आणि विकणं बंद आहे. तरी ढोलीतून पिलं काढली जातात आणि 'मिठू मिठू' म्हणायला लोक हौसेने घेतात. बाजारात कोणी विकताना दिसला तर विकत घेऊन 'सोडवू' नका, त्याने विकणाऱ्याचा धंदाच वाढतो. वन विभागाला १९२६ वर फोन करा. आणि ज्वारी राखायला गोफण जरूर फिरवा, त्याला कोणाची ना नाही.