फिरायला जा, पण कुठे? शहरातील मोठी बाग आणि आपले आरोग्य

मधुमेह, रक्तदाब, वाढलेले वजन, गुडघेदुखी, रात्री झोप न लागणे. यांपैकी कोणत्याही तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेलात, तर गोळ्या-औषधांच्या खाली एक ओळ हमखास असते: ‘रोज अर्धा तास फिरा.’ सल्ला योग्य आहे, पण अर्धवट आहे. गोळी कुठेही बसून घेता येते. फिरायला मात्र जागा लागते. गल्लीत पदपथ नाही, अंगावर येणाऱ्या दुचाक्या आहेत, कोपऱ्यावर कुत्री बसलेली आहेत आणि आठ वाजल्यापासून ऊन तापते, अशा ठिकाणी साठीतल्या माणसाने फिरायचे कसे? चार दिवस प्रयत्न होतो आणि पाचव्या दिवशी थांबतो.

म्हणून शहरातील मोठी बाग ही केवळ करमणुकीची जागा नाही. ज्यांच्या घरी मोठे अंगण नाही, जिमची फी परवडत नाही, त्यांच्यासाठी ती उपचाराचाच एक भाग आहे. तिचा नेमका उपयोग काय, ती कशी वापरावी आणि कोणी कोणती काळजी घ्यावी, हे या लेखात पाहू.

अमरावती-अकोल्यातील जागा

अमरावतीत वडाळी तलाव आणि त्याच्या परिसरातील बाग, वनविभागाचे बांबू उद्यान आणि छत्री तलावाचा परिसर या फिरण्याच्या परिचित जागा आहेत. व्यायामाची परंपराही या शहराला जुनी आहे. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती.

अकोल्यात गांधी-जवाहर बाग भर शहरात आहे. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा झाडांनी भरलेला विस्तीर्ण परिसरही शहराला लागूनच आहे. कोणत्याही जागी नियमित जायचे ठरवण्याआधी प्रवेशाची वेळ आणि नियम एकदा विचारून घ्या.

बागेत चालल्याने शरीरात काय घडते?

*रक्तातील साखर:* चालताना पायांचे मोठे स्नायू रक्तातील साखर थेट वापरतात. त्यासाठी त्यांना इन्सुलिन कमी लागते. हा परिणाम चालणे थांबल्यावरही काही तास, कधी दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो आणि मग ओसरतो. म्हणूनच सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खंड पडू देऊ नका. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी लोकांना मधुमेह आहे आणि १३ कोटींहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. उंबरठ्यावरच्या या लोकांना नियमित चालण्याचा सर्वात जास्त फायदा होतो.

*रक्तदाब:* नियमित भरभर चालण्याने उच्च रक्तदाब असलेल्यांचा वरचा आकडा साधारण ५ ते ८ अंकांनी उतरू शकतो. तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. आकडे लिहून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

*मन आणि झोप:* इंग्लंडमधील सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर आधारित एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. आठवड्यात एकूण दोन तास किंवा अधिक वेळ झाडा-पाण्याच्या सहवासात घालवणाऱ्यांनी आपली प्रकृती चांगली असल्याचे जास्त प्रमाणात सांगितले. हे दोन तास एकदम घालवले की थोडे थोडे, याने फरक पडला नाही. मुळात धडधाकट माणसेच बागेत जास्त जातात, हेही यामागचे एक कारण असू शकते. पण सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोप सुधारते, हे नक्की.

*मुलांचे डोळे:* जी मुले रोज उघड्यावर खेळतात, त्यांना जवळचा चष्मा असो वा लांबचा, दोन्ही लागत नाहीत असे नाही. मात्र लांबचे अंधूक दिसण्याचा दोष, म्हणजे उणे नंबर, सुरू होण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी आढळते. मुलांना रोज किमान एक तास अंग घामेजेल असा खेळ हवा. मोबाइलवर ओरडण्यापेक्षा संध्याकाळी बागेत नेणे सोपे पडते.

*एकटेपणा:* निवृत्त झालेल्या, जोडीदार गमावलेल्या किंवा मुले पुण्या-मुंबईला गेलेल्या माणसाला रोज ठरावीक वेळी चार ओळखीचे चेहरे भेटणे, याचे मोल मोठे आहे. एखादा दोन दिवस दिसला नाही, तर कट्ट्यावरचे लोक फोन करतात. एकट्या राहणाऱ्या वृद्धासाठी ही मोठी सुरक्षितता आहे.

बाग मोठीच का हवी?

छोट्या कॉलनीतील बागही उपयोगी आहे, विशेषतः लहान मुलांसाठी. पण पन्नास पावलांवर वळावे लागले, की चालण्याची गती लागत नाही आणि गुडघ्यांवर ताण येतो. मोठ्या बागेत सलग दहा-पंधरा मिनिटे न थांबता चालता येते आणि तेवढ्याने नाडीचा वेग वाढतो.

दुसरे कारण सावली. झाडे ऊन अडवतात आणि पानांतून वाफ सोडून हवा थंड ठेवतात. अनेक शहरांतील मोजमापे एकत्र पाहिली, तर बागेतील हवा दिवसा आसपासच्या वस्तीपेक्षा सरासरी सुमारे १ अंशाने थंड असते. आकडा लहान वाटेल, पण तो हवेचा आहे. थेट ऊन आणि तापलेले डांबर टळल्याने अंगाला जाणवणारा फरक कितीतरी मोठा असतो.

वऱ्हाडचा उन्हाळा: वेळ बदला, फिरणे सोडू नका

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४४-४५ अंशांवर जाणे नवे नाही. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात जमावबंदीचा आदेश काढावा लागला होता. या काळात पुढील गोष्टी पाळा:

- सकाळी साडेसातच्या आत घरी परत या. संध्याकाळी ऊन पूर्ण उतरल्यावर, शक्यतो सातनंतर निघा.
- निघण्याआधी एक-दोन ग्लास पाणी प्या आणि बाटली सोबत ठेवा. हृदय किंवा किडनीच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले असेल, तर डॉक्टरांना विचारूनच प्रमाण ठरवा.
- रक्तदाबासाठी किंवा सुजेसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर अंगातील पाणी लवकर कमी होते. उन्हाळा सुरू होताना ती एकदा तपासून घ्या.
- डोक्याला पांढरा दुपट्टा किंवा टोपी, अंगात सुती सैल कपडे.
- लाटेच्या दिवसांत घरातच, जेवणानंतर दहा-दहा मिनिटे चाला. मधुमेहींना जेवणानंतरच्या या फेऱ्यांचा चांगला उपयोग होतो.

किती आणि कसे चालावे?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्यानुसार मोठ्या माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. म्हणजे आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. वेग ओळखण्याची सोपी खूण अशी, की चालताना बोलता आले पाहिजे, पण गाणे म्हणता येऊ नये.

सवय नसेल तर पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांपासून सुरुवात करा आणि दर आठवड्याला पाच मिनिटे वाढवा. साठीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचा व्यायामही करा. बाकाला धरून एका पायावर उभे राहणे किंवा हात न टेकता बाकावरून उठणे-बसणे, एवढेही पुरते. पडून खुब्याचे हाड मोडण्याचा धोका त्याने कमी होतो.

कोणी काय काळजी घ्यावी?

- मधुमेह: इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल, तर अगदी उपाशीपोटी लांब चालू नका. खिशात साखरेची पुडी किंवा ग्लुकोज ठेवा. थरथर, घाम किंवा चक्कर आली, की लगेच तीन चमचे साखर खा आणि बसा. घरी आल्यावर तळपाय पाहा.
- हृदयरोग: आधी डॉक्टरांकडून वेग आणि वेळ ठरवून घ्या. कडाक्याच्या थंडीत उजाडल्यावरच निघा.
- गुडघेदुखी: सपाट, शक्यतो मातीची वाट निवडा. बागेतील व्यायामाच्या यंत्रांवर पहिल्याच दिवशी जोर लावू नका.
- दमा आणि ॲलर्जी: पावसाळ्यानंतर गाजरगवत फुलते. त्याने अंगाला खाज, शिंका आणि दम्याचा त्रास वाढतो. अशा कडेने जाऊ नका आणि फवारा सोबत ठेवा.
- सर्वांसाठी: वडाळी, छत्री तलाव हे भाग जंगलाला लागून आहेत आणि तिकडे बिबट्याचा वावर असतो. अंधारात एकटे जाऊ नका आणि मुलांना पुढे सोडू नका. कुत्रा चावला किंवा ओरखडा आला, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

काही गैरसमज

*‘दव पडलेल्या हिरवळीवर अनवाणी चालल्याने चष्म्याचा नंबर जातो.’* जात नाही. उलट पायांची संवेदना कमी झालेल्या मधुमेहीला काचेचा तुकडा किंवा गोखरूचा काटा रुतलेला कळतही नाही आणि जखम चिघळते. मधुमेहींनी अनवाणी चालूच नये.

*‘सकाळी सहाच्या कोवळ्या उन्हाने ड जीवनसत्त्व मिळते.’* फारसे मिळत नाही. त्यासाठी सूर्य बराच वर यावा लागतो. हिवाळ्यात सकाळी दहानंतर थोडा वेळ हातापायांवर ऊन घेता येईल. उन्हाळ्यात त्यासाठी दुपारी उभे राहू नका. कमतरता असेल तर औषध घ्या.

*‘रात्री झाडाखाली बसल्यास गुदमरते.’* झाडे रात्री कार्बन डायऑक्साइड सोडतात, पण मोकळ्या हवेत ते प्रमाण नगण्य असते. रात्री झाडाखाली जपायचे ते विंचू-सापाला.

लगेच थांबा आणि मदत घ्या

- छातीत दाब किंवा जळजळ, दुखणे हात, जबडा किंवा पाठीकडे जाणे, अंगाला गार घाम
- बोलता न येण्याइतका दम लागणे, किंवा डोळ्यांपुढे अंधारी
- तोंड वाकडे होणे, हात-पाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे
- उन्हात अंग तापून माणूस बरळू लागणे किंवा शुद्ध हरपणे

चारही प्रसंगी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. ही सेवा मोफत आहे. उष्माघातात माणसाला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओतून वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

बाग सर्वांना वापरता यावी म्हणून

बाग असूनही अनेकजण तिथे जात नाहीत आणि कारणे साधी असतात. लघवीची गोळी घेणारे आजोबा, प्रोस्टेटचा त्रास असलेले काका, बाळंतपणानंतर लघवी न थांबणाऱ्या ताई, हे सगळे स्वच्छतागृह नसेल तर घरीच बसतात. काहीजण तर जाण्याआधी पाणीच पीत नाहीत, जे उन्हाळ्यात फार धोक्याचे आहे. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या रुग्णाला दर शंभर-दीडशे पावलांवर बसावे लागते. तिथे बाक नसेल तर त्याचे चालणे बंद होते. दिवे नसतील तर संध्याकाळनंतर महिला येत नाहीत, आणि अनेकींना वेळ तेव्हाच मिळतो.

म्हणून नगरसेवकाकडे किंवा महापालिकेत मागणी करताना कारंज्याआधी या गोष्टी मागा: चालू स्थितीतील स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सावलीतील बाक, दिवे, सपाट वाट आणि उन्हाळ्यात पहाटे पाचला उघडणारे फाटक. पालापाचोळा जाळू नये, त्याचे खत करावे, असाही आग्रह धरा. त्या धुराने दम्याचे रुग्ण आजारी पडतात. शहरातील झाड तोडायला १९७५ च्या राज्य कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. बागेतील जुने झाड तोडले जात असेल, तर ती परवानगी पाहायला मागा. आज लावलेल्या रोपाची तेवढी सावली मिळायला वीस वर्षे जातात.

पुढच्या वेळी डॉक्टरांनी ‘फिरा’ असे सांगितले, तर तिथेच विचारा: माझ्या तब्येतीला किती वेळ, कोणत्या वेळी आणि कुठे? घरातील वडीलधाऱ्यांना हा सल्ला मिळाला असेल, तर पहिले आठ दिवस त्यांच्यासोबत जा. वाट, बाक आणि चार माणसे ओळखीची झाली, की पुढे ते आपले आपण जातात.