वृत्तपत्र आणि वाचकाचे ऋण

करमाळ्यात इतिहास शिकविताना मी यंदा मुलांना विचारले, "वर्तमानपत्राकडून तुमची अपेक्षा काय?" मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "सर, आमच्या वस्तीत कुणी मेलं तरच बातमी येते." निरक्षर बापाच्या पोटी जन्मून पहिला पदवीधर झालेल्या मला हे उत्तर परके नव्हते.

ही तक्रार जुनी आहे. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापण्यास 'केसरी'ने नकार दिला, हे आपण सभांतून नेहमी सांगतो. परंतु पहिल्याच अंकात बाबासाहेबांनी 'दीनमित्र', 'विजयी मराठा' अशा ब्राह्मणेतर पत्रांचाही विचार केला होता, हे आपण सांगत नाही. तेथे आपल्या प्रश्नांची चर्चा होई; मात्र पुरेशी जागा मिळणे शक्य नव्हते. दुसऱ्याच्या घरात, तो कितीही भला असो, ओसरीच मिळते. म्हणून स्वतंत्र पत्र हवे होते.

अपेक्षेची ही एक बाजू झाली. दुसरी बाजू आपल्याला अडचणीची वाटते. ३ एप्रिल १९२७ रोजी, महाडच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांनी, 'बहिष्कृत भारत' सुरू झाले. बाबासाहेब त्याचे रकानेच्या रकाने एकहाती भरीत, तेही विनामोबदला. १९२८ च्या फेब्रुवारीत त्यांना या पत्राचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय, असे वाचकांना विचारणारा लेख लिहावा लागला. पत्राने लोकांसाठी काय करावे, हे सर्वांना कळत होते. लोकांनी पत्रासाठी काय करावे, हा त्यांचा प्रश्न होता. समाज दरिद्री होता, हे खरेच. तरीही १९२९ च्या नोव्हेंबरात पैशाअभावी पत्र बंद पडले, हा इतिहास नुसत्या दारिद्र्यावर ढकलून कसे चालेल?

२००६ साली खैरलांजीत एकाच दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. मोठ्या वृत्तपत्रांना त्या घटनेचे गांभीर्य कळायला लोक रस्त्यावर उतरावे लागले. आपण संतापलो, ते योग्यच होते. पण त्या वेळी आपल्यातील किती पगारदार आपल्या माणसांच्या नियतकालिकांचे वर्गणीदार होते? मी हे दुसऱ्यांवर बोट ठेवून लिहीत नाही. एका नियतकालिकाची दोन वर्षांची वर्गणी मीही थकविली होती. त्या मुलीच्या उत्तरानंतरच्या आठवड्यात ती भरली.