बोदोनीचे तिरपे अक्षर

मुद्रणाचा इतिहास पुष्कळदा यंत्रांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. परंतु प्रत्येक खिळ्यामागे मुळात एक लिहिता हात असतो. ज्याला आपण 'इटॅलिक' म्हणतो, त्या रोमन लिपीच्या तिरप्या वळणाची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे.

पंधराव्या शतकातील इटलीचे पंडित जलद लेखनासाठी जे धावते वळण वापरीत, ते व्हेनिसच्या आल्डस मनूशियसने फ्रान्चेस्को ग्रिफो या कारागिराकडून शिशात उतरविले. १५०१ साली निघालेला व्हर्जिलचा लहान आकाराचा ग्रंथ संपूर्णपणे याच अक्षरात छापलेला होता. त्यातील मोठी अक्षरे मात्र उभीच होती. म्हणजे जन्मतः हे अक्षर अलंकार नव्हते. हाती धरून वाचावयाच्या पुस्तकाचे ते स्वतंत्र अक्षर होते. पुढे उभ्या अक्षराने ग्रंथाचे अंग व्यापले आणि तिरप्याकडे प्रस्तावना, अवतरणे व जोर द्यावयाचे शब्द एवढेच राहिले.

अठराव्या शतकात त्याचा जणू दुसरा जन्म झाला. १७५७ च्या व्हर्जिलसाठी इंग्लंडात बास्करव्हिलने गुळगुळीत कागद योजिला, आणि नाजूक रेषा छापणे सुकर झाले. पॅरिसचे दीदो घराणे व पार्मा येथील ज्याम्बात्तिस्ता बोदोनी यांनी ही वाट टोकास नेली. १७६८ मध्ये बोदोनी पार्माच्या ड्यूकच्या मुद्रणालयाचा प्रमुख झाला. त्याच्या तिरप्या अक्षरातील जाड रेषा भरीव, तर बारीक रेषा केसाइतकी. टोकांची पाती सपाट व सडपातळ. यात बोरूचा ओघ कमी, कोरणीची शिस्त अधिक. तरीही कलत्या खांबांना जोडणाऱ्या त्या केशरेषेमुळे ओळीला एक दरबारी डौल येतो.

शीर्षके, अर्पणपत्रिका, विवाहप्रसंगीची काव्ये यांना हे अक्षर शोभते, कारण तेथे आकार मोठा आणि समास प्रशस्त असतो. तेच बारीक आकारात, खरबरीत कागदावर घातले की केशरेषा तुटते किंवा शाईत बुजते. पृष्ठ पाहण्याजोगे राहते, वाचण्याजोगे नाही. १८१३ साली बोदोनी वारला. त्याच्या अक्षरांचा दोन खंडांचा संग्रह १८१८ साली त्याच्या पत्नीने प्रसिद्ध केला. तोही वाचण्यापेक्षा पाहण्याचाच ग्रंथ आहे.

मराठी वाचकास येथे आपल्या मोडीची आठवण व्हावी. तीही धावत्या हाताची लिपी. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सेरामपूरला तिचेही खिळे पडले होते. पण इटलीत धावते वळण उभ्या अक्षराचे सोबती होऊन एकाच पानावर नांदले. आपल्याकडे मोडी बाळबोधीहून वेगळीच राहिली आणि छापील पानावरून नाहीशी झाली. आज आपण देवनागरी अक्षर नुसते कलते करून त्यास इटॅलिक म्हणतो. त्यात कल आहे. हात मात्र नाही.