मृत्यूच्या नोंदवहीतला फ्लू

कोविडच्या पहिल्या लाटेत, २०२० साली, नेदरलंड्समधल्या अतिदक्षता विभागांत दाखल झालेल्या १८४ रुग्णांची पाहणी प्रसिद्ध झाली. गुठळ्या टाळणारे औषध सर्वांना चालू असूनही गुठळ्यांमुळे होणाऱ्या गंभीर विकारांचे प्रमाण ३१ टक्क्यांच्या आसपास निघाले. श्वासाच्या आजारात रक्त का गोठावे, याचे तेव्हा सगळीकडे नवल झाले. मला ते नवल अनाठायी वाटते. साथीचा ताप आणि हृदयविकार यांचे नाते सुचवणारे आकडे जवळजवळ नव्वद वर्षे छापून पडले होते. कमी होती ती ते वाचण्याची रीत.

मृत्यूची नोंद करताना शेवटी एकच कारण हिशेबात धरले जाते. फ्लू होऊन गेल्यावर आठवडाभरात कुणाचे हृदय बंद पडले, तर तो मृत्यू हृदयविकाराच्या रकान्यात जातो आणि फ्लू कागदावरून पुसला जातो. लंडनमध्ये विल्यम फार यांनी १८४७ च्या साथीच्या वेळी ही फट ओळखली होती. फ्लूच्या नावावर किती मृत्यू आहेत यावर न थांबता, एरवीपेक्षा एकूण किती माणसे जास्त दगावली हे त्यांनी मोजले. अमेरिकेत सेल्विन कॉलिन्स यांनी १९३२ साली हाच हिशेब पुढे नेला. फ्लूच्या साथींत फ्लू-न्यूमोनियाखेरीज इतर कारणांखाली, त्यातही हृदयविकाराखाली नोंदलेले मृत्यू वाढतात, असे त्यांनी दाखवले. माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा काढायला तेव्हा अजून एक वर्ष होते! मात्र हृदयरोगाच्या अभ्यासाचे लक्ष पुढे दुसरीकडे वळले. रशियात निकोलाय अनिच्कोव्ह यांनी १९१३ सालीच सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्यांत थर साचवून दाखवले होते. विसाव्या शतकाने पुढे हृदयविकाराचे मूळ मुख्यतः ताटात शोधले, आणि तिथे ते बऱ्याच अंशी सापडलेही. पण थर साचायला वर्षानुवर्षे लागतात, झटका येतो एखाद्या सकाळी. नेमका त्याच सकाळी का, याचे उत्तर एकटे कोलेस्टेरॉल देत नाही.

हे उत्तर मोजदादीच्या एका युक्तीने हाती आले. आजारी माणसाची तुलना धडधाकट माणसाशी केली की वय, तंबाखू, गरिबी सगळेच मध्ये लुडबुडते. ब्रिटनमध्ये लियाम स्मीथ आणि सहकाऱ्यांनी २००४ साली फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींतून प्रत्येक रुग्णाची तुलना त्याच्याच निरोगी काळाशी केली. श्वसनसंसर्गानंतरच्या पहिल्या तीन दिवसांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका जवळजवळ पाचपट आणि पक्षाघाताचा तिपटीहून अधिक निघाला. फ्लूची लस घेतल्यानंतर मात्र तो वाढला नाही. यावर एक वजनदार आक्षेप होता. झटक्याआधीचा दम आणि अस्वस्थपणाच डॉक्टरांनी छातीचा संसर्ग म्हणून लिहिला नसेल कशावरून? त्याला उत्तर मिळाले २०१८ साली, कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातून. जेफ क्वाँग यांच्या गटाने प्रयोगशाळेत फ्लू सिद्ध झालेल्यांच्याच झटक्यांच्या ३६४ घटना तपासल्या. तपासणीनंतरच्या सात दिवसांत धोका सहापट होता. अंथरुणाला खिळल्यामुळे रक्त गोठते, हा दुसरा आक्षेप पायाच्या शिरांतल्या गुठळ्यांना काही प्रमाणात लागू पडतो. हृदयाच्या धमनीत दोन-तीन दिवसांत घडणाऱ्या घटनेचा उलगडा त्याने होत नाही.

तिसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याने हा विषय पुढे नेला. स्मीथ यांच्याच २००६ च्या पाहणीत मूत्रमार्गाच्या संसर्गानंतरही शिरांत गुठळ्या होण्याचे प्रमाण वाढलेले दिसले, आणि हा संसर्ग बहुधा जिवाणूंमुळे होतो. म्हणजे दोष एकट्या विषाणूच्या माथी मारता येत नाही. रुडॉल्फ फिरखो यांनी एकोणिसाव्या शतकात फुप्फुसातली गुठळी शिरांतून वाहत येते हे दाखवले. मंदावलेला प्रवाह, दुखावलेली भिंत आणि बदललेले रक्त हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे त्रिकूट पुढच्यांनी जुळवले. संसर्गात हे तिन्ही एकत्र येऊ शकतात. शिवाय रक्त गोठणे हे प्रतिकाराचेच एक हत्यार आहे, असे जर्मन संशोधकांनी २०१३ साली मांडले: सूक्ष्म वाहिन्यांत जंतूंना अडकवून ठेवायचे, पुढे पसरू द्यायचे नाही. हत्यार आवरले नाही की वाट आपलीच बंद होते. डेंग्यूत प्लेटलेट घटून रक्तस्राव होऊ शकतो, तेव्हा सगळे विषाणू एकाच वाटेने जात नाहीत हेही खरे.

लसीचा प्रश्न इथे टाळता येत नाही. ॲस्ट्राझेनेकाच्या कोविड लसीनंतर २०२१ साली युरोपात काही मोजक्या लोकांत घातक गुठळ्या झाल्या, त्याच वेळी प्लेटलेट घटल्या. पुण्यात सीरम इन्स्टिट्यूटने कोव्हिशील्ड नावाने बनवली ती हीच लस. जर्मनीतल्या आंद्रेआस ग्राइनाखर यांच्या गटाला अशा रुग्णांच्या रक्तात पीएफ४ या प्लेटलेटमधल्या प्रथिनावर उलटणारी प्रतिपिंडे सापडली. लसीचे वाहन होते चिंपांझीचा निष्प्रभ केलेला ॲडेनोव्हायरस. संशय आधी लसीवर होता, पण २०२३ साली एक लहान मुलगा आणि एक प्रौढ स्त्री यांच्यात नैसर्गिक ॲडेनोव्हायरस संसर्गानंतर तशीच प्रतिपिंडे आणि तसाच विकार आढळला. आता सर्दी-तापानंतर गुठळ्या झालेल्या रुग्णाच्या प्लेटलेट घटल्या असतील, तर ही प्रतिपिंडे शोधायला सबळ कारण आहे. ती सापडली तर गोठणरोधक औषधाच्या जोडीला इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते.