मुंबईच्या नगरसमाजाचे विद्यापीठीय अध्ययन : पाहणी आणि सेवा यांची फारकत

नगरसमाजाचा अभ्यासक्रम विद्यापीठात सुरू झाला म्हणजे त्याबरोबर एक प्रश्न अपरिहार्यपणे उपस्थित होतो. ज्या वस्तीविषयी शिकवावयाचे, ती वस्ती वर्गाच्या भिंतीबाहेर जिवंत असते. तिच्या स्वतःच्या अडचणी असतात, स्वतःची मते असतात आणि तिच्याविषयी जमविलेल्या माहितीत तिचे हितही गुंतलेले असते. वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याने तोडून आणलेली फांदी काही मागत नाही. चाळीतील कुटुंब मात्र प्रश्नावलीची उत्तरे दिल्यावर ‘पुढे काय झाले?’ असे विचारू शकते. या प्रश्नाला मुंबईत दोन निरनिराळी उत्तरे दिली गेली. एका उत्तरातून विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग उभा राहिला, तर दुसऱ्यातून समाजकार्याचे शिक्षण देणारी संस्था निर्माण झाली. या दोन परंपरा अलग कशा पडल्या आणि त्या वेगळेपणाची किंमत कोणी दिली, हे पाहिल्याखेरीज आजच्या अभ्यासक्रमांचे मूल्यमापन करणे कठीण आहे.

विद्यापीठाने नगराकडे लक्ष देण्यापूर्वीच मुंबईच्या परिस्थितीने या प्रश्नांना तोंड फोडले होते. १८९६ साली शहरात प्लेगची साथ आली आणि दाट वस्तीच्या गल्ल्यांतील राहणीमान हा राज्यकारभाराचा विषय बनला. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या सुधारणा मंडळाने, म्हणजे इंप्रूव्हमेंट ट्रस्टने, रस्ते रुंद करण्यासाठी जुनी घरे पाडण्याचे काम हाती घेतले. १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीगची स्थापना केली आणि गिरणगावात रात्रीच्या शाळा, वाचनालये व दवाखाने यांच्या रूपाने सेवाकार्याची घडी बसविली. जानेवारी १९१९ मध्ये शहरातील एक लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले. त्याच वर्षी मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे अध्यापन सुरू झाले. १९२१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या पावणेबारा लाखांच्या घरात होती. अशा शहरातील विद्यापीठाला नगरसमाजाकडे पाठ फिरविणे फार काळ शक्य नव्हते.

समाजशास्त्र व नागरिकशास्त्र यांच्या अध्यासनावर १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांची नेमणूक झाली. गेडिस मूळचे जीवशास्त्रज्ञ. स्कॉटलंडमधील डंडी येथे ते वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक होते. एडिंबरोच्या जुन्या, मोडकळीस आलेल्या भागात ते स्वतः राहावयास गेले आणि १८८७ साली तेथे त्यांनी विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह उघडले, ज्याची व्यवस्था विद्यार्थीच पाहत असत. विद्यार्थ्याचे शिक्षण आणि वस्तीचे पुनरुज्जीवन ही दोन कामे त्यांच्या दृष्टीने एकाच कामाची दोन अंगे होती. १९१४ साली हिंदुस्थानात आल्यानंतर त्यांनी अनेक नगरांची पाहणी करून नगररचनेचे अहवाल लिहिले. त्यांतील इंदूरचा अहवाल १९१८ साली प्रसिद्ध झाला.

या अहवालांमागील सूत्र असे की, योजनेपूर्वी पाहणी झाली पाहिजे. गल्लीत पायी हिंडावे, कोणते घर सावरता येते व कोणती विहीर साफ करता येते हे पाहावे, आणि शक्य तेवढे राखून आवश्यक तेवढेच काढावे. सरसकट पाडापाडीस त्यांचा विरोध होता. घरे पाडल्याने गर्दी नाहीशी होत नाही. निघालेली माणसे शेजारच्या वस्तीत अधिक दाटीवाटीने राहू लागतात, असे ते दाखवून देत. पाहणी म्हणजे केवळ माहितीचा संग्रह नव्हे, तर नागरिकाच्या कर्तव्याची पहिली पायरी, अशी ही भूमिका होती. अध्यासनाच्या नावात समाजशास्त्राच्या जोडीला नागरिकशास्त्राचा उल्लेख होता, तो या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

गेडिस यांची मुंबईतील कारकीर्द १९२४ साली संपली आणि विभागाची धुरा गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली. मालवणला जन्मलेले घुर्ये संस्कृतचे पदवीधर होते. परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्तीसाठी त्यांची निवड झाली, ती नागरी केंद्र या दृष्टीने मुंबईविषयी लिहिलेल्या एका निबंधामुळे. त्यांच्या समाजशास्त्रीय जीवनाचा प्रारंभ अशा रीतीने नगराच्या अभ्यासाने झाला. परंतु केंब्रिजमध्ये रिव्हर्स आणि त्यांच्या मृत्यूनंतर हॅडन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांचे लक्ष जातिसंस्थेकडे वळले, आणि १९३२ साली प्रसिद्ध झालेल्या जातिविषयक ग्रंथाने त्यांची कीर्ती झाली.

१९२४ ते १९५९ या पस्तीस वर्षांत घुर्ये यांनी या विभागाला संशोधनाची भक्कम परंपरा दिली. इरावती कर्वे, एम. एन. श्रीनिवास, अ. र. देसाई यांच्यासारखे अभ्यासक त्यांच्या हाताखाली तयार झाले. नगर या विभागातून हद्दपार झाले होते असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. निवृत्तीनंतर, १९६२ साली, खुद्द घुर्ये यांनीच नगरे व संस्कृती या विषयावर ग्रंथ प्रसिद्ध केला. तथापि अभ्यासाचे प्रयोजन बदलले होते. पाहणीचा शेवट आता प्रबंधात होऊ लागला. प्रबंधाचे परीक्षण विद्वान करीत आणि त्याची प्रत ग्रंथालयात जाई. ज्यांच्याविषयी तो लिहिला गेला, त्यांच्यापर्यंत तो पोहोचलाच पाहिजे असा नियम नव्हता. शास्त्राला यामुळे शिस्त व स्वायत्तता लाभली हे मान्य केले पाहिजे. सुधारणेच्या घाईत पुराव्याची हेळसांड होते, आणि तो धोका या शिस्तीने टाळला. परंतु नागरिकशास्त्राशी असलेला सांधा मात्र त्यामुळे निखळला.

हा सांधा वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या हातांनी जुळविण्याचा प्रयत्न नागपाड्यात झाला. क्लिफर्ड मॅनशार्ट हे अमेरिकन मराठी मिशनचे कार्यकर्ते १९२५ साली मुंबईत आले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी नागपाडा नेबरहुड हाऊसची स्थापना केली. लंडनमधील टॉयन्बी हॉल (१८८४) आणि शिकागोतील हल हाऊस (१८८९) यांची परंपरा या कार्यामागे होती. सुशिक्षितांनी गरीब वस्तीत जाऊन राहावे आणि शेजारधर्माने काम करावे, हे तिचे तत्त्व होय. नागपाड्याच्या बहुभाषी, बहुधर्मी वस्तीत वर्ग, खेळ व आरोग्यसेवा यांच्याद्वारे हे कार्य चालले. अशा केंद्राचे शैक्षणिक महत्त्व मॅनशार्ट यांनी १९३१ सालच्या आपल्या ग्रंथात मांडले.

केवळ सदिच्छेने असे काम होत नाही, त्यासाठी प्रशिक्षित माणसे लागतात, या जाणिवेतून १९३६ साली सर दोराबजी टाटा पदव्युत्तर समाजकार्य विद्यालयाची स्थापना झाली आणि मॅनशार्ट त्याचे पहिले संचालक झाले. वर्गातील व्याख्यानांच्या बरोबरीने क्षेत्रकार्य हा तेथील शिक्षणक्रमाचा आवश्यक भाग होता. १९३७ साली या विद्यालयाने बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. १९४४ मध्ये या विद्यालयास टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले, १९५४ मध्ये ती देवनारला गेली आणि १९६४ मध्ये तिला विद्यापीठसम दर्जा लाभला. १९५५ साली मुंबईत निर्मला निकेतन आणि १९६३ साली पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, अशा संस्थांनी हेच शिक्षण पुढे नेले.

अशा रीतीने एकाच शहरात विद्यार्थ्यांच्या दोन जाती निर्माण झाल्या. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने वस्तीकडे पाहावे, तिचे वर्गीकरण करावे आणि लिहावे; समाजकार्याच्या विद्यार्थ्याने वस्तीत जावे, कुटुंबास साहाय्य करावे आणि नोंद ठेवावी. पहिल्यास ‘का’ हा प्रश्न शिकविला गेला, दुसऱ्यास ‘कसे’ हा. परिणामी पहिल्याच्या ज्ञानास उपयोगाची कसोटी क्वचितच लागली. दुसऱ्याच्या सेवेस कारणमीमांसेचा आधार अपुरा पडला. कुटुंबाची अडचण हे त्या कुटुंबापुरतेच प्रकरण मानले गेले, आणि भाडे, मजुरी, जात व जमिनीची मालकी यांचा विचार दुय्यम राहिला.

ही फारकत अटळ नव्हती, हे दाखविणारी उदाहरणेही याच प्रदेशात आढळतात. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली गोखले अर्थशास्त्र संस्थेने केलेली पुणे शहराची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ व १९५२ साली दोन भागांत प्रसिद्ध झाली, आणि १९५६ साली तिची फेरपाहणीही प्रकाशात आली. एकाच नगराकडे पुन्हा वळून काय बदलले हे तपासणे, ही उत्तरदायित्वाचीच एक रीत होय. १९७० व १९७२ साली अ. र. देसाई आणि एस. देवदास पिल्लै यांनी झोपडपट्टीविषयक ग्रंथ प्रसिद्ध केले. महाराष्ट्राचा झोपडपट्टी सुधारणेचा कायदा १९७१ चा. ज्या काळात शासन झोपडपट्टीची कायदेशीर व्याख्या करीत होते, त्याच काळात समाजशास्त्राने तिची चिकित्सा केली. समाजकार्याच्या बाजूने पाहता, टाटा संस्थेच्या क्षेत्रप्रकल्पातून १९९६ साली मुंबईत संकटातील मुलांसाठी ‘चाइल्डलाइन’ ही दूरध्वनिसेवा सुरू झाली व पुढे देशभर पसरली. शिक्षणक्रमातून शहरास कायमचे काही परत मिळाल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

दरम्यान तिसरा प्रवाह सुरू झाला होता. पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा असावी या कल्पनेचा विचार चिंतामणराव देशमुख यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९५९ साली केला. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतील सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांसह राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. सेवेतून विद्यार्थ्याचा व्यक्तिविकास हे तिचे घोषित ध्येय होय. हे ध्येय उदात्त असले तरी त्यात एक धोका दडलेला आहे. विद्यार्थ्याचा विकास हे साध्य ठरले की वस्ती सहजच साधन बनते. वर्षाकाठी १२० तासांची नोंद पूर्ण होते, शिबिर संपते, आणि झाडलेल्या रस्त्यावर कचरा पूर्ववत जमतो. तो का जमतो, हे विचारण्याची जबाबदारी कोणत्याही विषयाची नसते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने समाजसहभागाचे श्रेयांकयुक्त अभ्यासक्रम सर्व उच्च शिक्षणसंस्थांत असावेत असे म्हटल्यामुळे हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. सेवेला गुण मिळू लागले की गुणांपुरतीच सेवा होण्याचा संभव वाढतो.

या शंभर वर्षांच्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष असा की, पाहणी, सेवा आणि विद्यार्थ्याची घडण या तीन गोष्टी तीन स्वतंत्र खात्यांत वाटल्या गेल्या तेव्हा प्रत्येकीचे काही ना काही नुकसान झाले, आणि त्यातील मोठा वाटा वस्तीच्या पदरी पडला. गेडिस यांची पद्धती जशीच्या तशी परत आणावी असा याचा अर्थ नव्हे. त्यांच्यानंतर शास्त्राने मिळविलेली शिस्त सोडून देणे आत्मघातकी ठरेल. परंतु अभ्यासक्रमाची परीक्षा घेताना विद्यार्थ्याच्या उत्तरपत्रिकेबरोबर आणखी एक गोष्ट तपासली जावी. ज्या वस्तीने आपले दार उघडून आपल्या संसाराची माहिती दिली, तिच्या हाती तिच्या भाषेत त्या माहितीचे फलित पोहोचले काय, आणि ते चुकीचे असल्यास तसे सांगण्याची सोय तिला होती काय? या प्रश्नांना होकारार्थी उत्तर देता येईल तोच अभ्यासक्रम खऱ्या अर्थाने नगरसमाजाचा. एरवी तो नगरसमाजाविषयीचा असेल, एवढेच.